विषाणू आणि तृणधान्यांतील जीवनसत्त्वे

भात, गहू, मका या पिकांना विषाणूची बाधा झाल्यास जीवनसत्त्वांच्या निर्मितीत व साठवणीत येणारा अडथळा. २०२२ च्या खरिपात पंजाब-हरियाणात भाताची रोपे खुजी राहू लागली. दिल्लीलगतचा सोनिपत आणि पानिपत हे जिल्हेही त्यातून सुटले नाहीत. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने नमुन्यांत ‘सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ’ विषाणू ओळखला. २००१ मध्ये तो चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात प्रथम आढळला होता. पांढऱ्या पाठीचे तुडतुडे तो पसरवतात. बियाण्यातून तो येत नाही.

थायमिन (ब१), ई जीवनसत्त्व व कॅरोटिनॉइडे यांच्या निर्मितीचे महत्त्वाचे टप्पे वनस्पतींच्या लवकांत पार पडतात. भाताच्या टुंग्रोसारख्या विषाणुजन्य रोगात पाने पिवळी-नारिंगी होतात, हरितलवके बिघडतात आणि हा कारखानाच मंदावतो. क जीवनसत्त्व शर्करेपासून बनते व बाधेच्या ताणात वाढणारे ऑक्सिडीकारक रेणू निष्प्रभ करण्यात खर्ची पडते. रोपे खुजी करणारा वरील विषाणू तर अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांतच वाढतो. परिणामी लोंब्या लहान, दाणे पोचट.

म्हणूनच पोषणाचा मोठा तोटा दाण्यातील जीवनसत्त्वाच्या टक्केवारीपेक्षा दाणाच न भरण्यात आहे. त्यात भाताची ‘ब’ गटातील बरीचशी जीवनसत्त्वे कोंडा व अंकुरात असतात. ती पॉलिशमध्ये जातात, तो दोष विषाणूचा नव्हे. बाधित रोप बरे करणारे औषध नाही; रोगट रोपे उपटणे व तुडतुड्यांवर वेळीच नियंत्रण ठेवणे हे मुख्य उपाय उरतात.