गुणांचे वजन

परीक्षेतील गुण हे केवळ मोजमापाचे साधन आहे, की न्यायाचेही? हा प्रश्न अमेरिकेतील हायस्कुलांच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसतो, म्हणून आपण त्याकडे वळू.

विद्यार्थ्यांची प्रतवारी तेथे जुनीच. येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली विद्यार्थी चार वर्गांत विभागले होते. पुढे शेकडा गुणांची पद्धत रूढ झाली. परंतु १९१३ साली स्टार्च व इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडे पाठविली, तेव्हा कोणी २८ गुण दिले, तर कोणी ९० हून अधिक! अशा गुणांवर विसंबावे कसे? पुढे अक्षरश्रेणीच सर्वत्र रुळली. 'ए'ला ४, 'बी'ला ३ असे अंक मानून त्यांची सरासरी काढू लागले. ही झाली साधी सरासरी.

१९५५ साली कॉलेज बोर्डाने कॉलेजच्या तोडीचे 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' अभ्यासक्रम हाती घेतले, आणि नवा पेच पडला. समजा, एका मुलाने पाच सोप्या विषयांत 'ए' मिळविला. त्याची सरासरी ४. दुसऱ्याने दोन सोप्या विषयांत 'ए' व तीन अवघड विषयांत 'बी' मिळविला. त्याची सरासरी ३.४. मग अवघड वाट धरावी कोणी? म्हणून अनेक शाळांनी अवघड विषयांच्या श्रेणीस एक अंक जादा दिला. आता दुसऱ्याचीही सरासरी ४ होते. ही भारित सरासरी.

पण न्याय येथेच पुरा होत नाही. ज्या खेड्यातील वा गरीब वस्तीतील शाळेत असे अभ्यासक्रमच नाहीत, तेथील हुशार मुलगी चारच्या पुढे जाणार कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठाने जादा अंकांना आठ सत्रांची मर्यादा घातली. टेक्सासने १९९७ साली कायदा करून प्रत्येक हायस्कुलातील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांची दारे उघडली. म्हणजे तुलना आपल्याच शाळासोबत्यांशी झाली.

आपली कित्येक मराठी कुटुंबे आज त्या देशात आहेत. तिकडच्या नातवंडाची सरासरी ४.३ आहे हे ऐकून आपण हरखतो, आणि ३.८ ऐकून हिरमुसतो. त्याआधी आपण दोन गोष्टी विचाराव्यात: ही सरासरी साधी की भारित? आणि त्याच्या शाळेत अवघड विषय शिकण्याची सोय होती काय?