वाड्यांतील चौक

घराबाहेर बसावयाची जागा कशी सजवावी, हा प्रश्न पेशवाईंतील वाडेकऱ्यांस फारसा पडला नसावा. त्यांचें आकाश घराच्या आंतच होतें. १७३० सालीं पायाभरणी झालेला शनिवारवाडा घ्या किंवा दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा घ्या. दोहोंची मांडणी चौकांभोवतींच झालेली. १८२८ च्या आगींत शनिवारवाड्याच्या इमारती जळाल्या, तरी कारंज्यांचे हौद अद्याप तेथें दिसतात. सामान्य गृहस्थाच्या चौकांतील सामान मोजकें असे: मध्यें तुळशीवृंदावन, भोंवतीं ओसरी, ओसरीवर झोपाळा. तापलेली हवा चौकांतून वर निघून जाई आणि सावलींत गारवा राही.

परंतु या सुखाची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेविली पाहिजे. पुढल्या चौकांत पुरुषांची बैठक, येणेंजाणें, व्यवहार. मागल्या चौकांत बायकांचें निवडणें, कांडणें, वाळवण. परक्या नजरेआड त्यांस ऊनवारा मिळे खरा. पण आकाशहि तेवढेंच चौकोनी मिळे. आज अंगणांत अथवा गच्चीवर बैठक मांडणाऱ्यानें वाड्याचें वृंदावन घ्यावें, झोपाळा घ्यावा. पुढल्या-मागल्या चौकाचा तो भेद मात्र घेऊं नये.