मराठी चौथीनंतर पुढे कुठे? सोलापूर, १९२५

१/
४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात एक वसतिगृह सुरू झाले. ते चालवणारी संस्था जेमतेम साडेपाच महिन्यांची होती आणि तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते ३३ वर्षांचे एक बॅरिस्टर. संस्था : बहिष्कृत हितकारिणी सभा. बॅरिस्टर : भीमराव रामजी आंबेडकर. वसतिगृह होते हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी.

२/
येथे तीन प्रश्न उभे राहतात. संस्थेचे कार्यालय मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये असताना वसतिगृह सोलापुरात का? शाळा न काढता वसतिगृहच का काढले? आणि खेड्यापाड्यांत अक्षरओळखीचीच वानवा असताना प्राथमिक शाळेतील मुले सोडून हायस्कूलच्या मुलांकडे आधी लक्ष का दिले? उत्तरासाठी आधी त्या काळची शाळा समजून घ्यावी लागते, कारण आपल्या ओळखीची पहिली ते दहावीची सलग शिडी तेव्हा नव्हतीच.

३/
मुंबई इलाख्यातले मूल प्रथम मराठी शाळेत जाई. मराठी चौथी झाली की वाट फुटे. एक वाट तशीच पुढे मराठी पाचवी, सहावी, सातवीकडे जाई आणि व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपाशी संपे. आपल्या पणजोबांच्या पिढीतली माणसे ‘मी फायनल झालो’ म्हणत, ती हीच परीक्षा. दुसरी वाट इंग्रजी पहिलीत शिरे. तेथून पुन्हा सात इयत्ता, आणि सातव्या इयत्तेच्या शेवटी मॅट्रिक, म्हणजे मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. ती १८५९ पासून होत होती.

४/
पहिल्या वाटेने गेलेला मुलगा प्राथमिक शिक्षक होई, फार तर तलाठी. दुसरी वाट कचेरी, वकिली, डॉक्टरी, कॉलेज इकडे जाई. फायनल झाल्यावर मन बदलले, तर त्या मोठ्या मुलाला आपल्याहून लहान मुलांबरोबर इंग्रजीच्या खालच्या वर्गात बसावे लागे. आज दहावीनंतर ‘सायन्स की कॉमर्स’ यावर घराघरांत जी खलबते होतात, तसा निर्णय तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत होई आणि तो बहुधा कायमचा ठरे.

५/
त्यात आणखी एक पायरी होती. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा असली, तरी ती पुष्कळदा तिसऱ्या इयत्तेपर्यंतच असे. हिला मिडल स्कूल म्हणत. चौथ्या इयत्तेपासूनचे खरे हायस्कूल गाठायचे, तर मोठ्या गावी जावे लागे. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस या भागांतल्या मुलाच्या दृष्टीने ते मोठे गाव म्हणजे साहजिकच सोलापूर.

६/
सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली होती. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ इतर गिरण्या आल्या आणि गावाचे शहर झाले. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच पेठेत ऐकू येणारे हे शहर. येथे सरकारी हायस्कूल होते. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचेच. ते या हायस्कुलात शिकले आणि पुढे मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात गेले. वाट अस्तित्वात होती आणि तिच्यावरून माणसे कोठवर पोहोचत, हेही गावाला दिसत होते.

७/
आता सांगोल्याकडच्या खेड्यातला एक महार मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. मराठी चौथी झाला आहे, हुशार आहे, मास्तर म्हणतात पुढे शिकव. बाप विचारतो, कुठे? या एका शब्दात तीन अडचणी आहेत : प्रवेश, फी आणि मुक्काम. इतिहासाच्या पुस्तकांत पहिलीवर पानेच्या पाने असतात, तिसरीवर जेमतेम दोन ओळी. माझ्या मते मुलाचा पाय खरोखर अडे तो तिसऱ्या अडचणीत.

८/
प्रवेशाची कथा थोडक्यात. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने नाकारला. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे कागदावर मान्य करून, शतकानुशतकांच्या समजुती एका व्यक्तीसाठी मोडणे इष्ट नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. पुढे विलायतेतील कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने सरकारी शाळा सर्वांसाठी खुल्या असल्याचे स्पष्ट केले. १८८२ च्या हंटर आयोगानेही तेच तत्त्व उचलून धरले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी शाळाही त्यात होत्या.

९/
म्हणजे १९२५ मध्ये सोलापूरच्या सरकारी हायस्कूलचा दरवाजा कायद्याने उघडा होता. आत गेल्यावर काय होई, हे स्वतः आंबेडकरांइतके कोणाला ठाऊक असणार? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. (महाराष्ट्रात ही तारीख आता ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात.) बसायला गोणपाट घरून न्यायचे, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. पुढे हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. शाळा मिळाली तरी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळालेच, असे नव्हते.

१०/
तरीही त्यांना एक गोष्ट लाभली होती, ती म्हणजे घर. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत. लष्करात सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे. पुढे मुलाच्या हायस्कूलसाठी हे कुटुंब मुंबईला आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून. खोली एकच, पण ती शाळेच्या गावात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने महारांची भरती बंद केली आणि अशा घरांची पैदासच थांबली.

११/
येथे जरा रेंगाळू या, कारण मुक्कामाचा प्रश्न समजल्याशिवाय सोलापूरचे वसतिगृह समजत नाही. शहरात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा कसा जगे? वार लावून. सोमवारी या घरी जेवण, मंगळवारी त्या घरी. नाहीतर माधुकरी. झोपायला एखादे देऊळ, एखाद्याची ओसरी. या व्यवस्थेत अपमान होता, उपासमारही होती; चरित्रांतून त्याची वर्णने आपण वाचलेली असतात. पण ती व्यवस्था होती, आणि कोणी आखून न देता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ‘गरिबीतून वर आलो’ असे लिहिणाऱ्या कित्येकांच्या मागे सात घरांची सात पाने होती.

१२/
महार, मांग, चांभार मुलाला हा मार्ग मुळातच बंद. त्याला वार कोण लावणार? ओसरीवर कोण झोपू देणार? खाणावळीत प्रवेश नाही, भाड्याने खोली नाही. गिरणीत कामाला असलेला नातेवाईक असेल, तर त्याच्या खोपटात दाटीवाटीने राहायचे. तो नसेल, तर हायस्कूल खुले असून उपयोग काय?

१३/
ही गाठ सर्वांत आधी ओळखली ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग एकामागून एक निरनिराळ्या जातींची वसतिगृहे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जातवार वसतिगृहांनी जात पक्की होते, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नाही. पण सर्वांना एकत्र ठेवण्याची वाट पाहत बसलो असतो, तर एक पिढी घरीच राहिली असती. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून दाखवले, तेही याच दशकात, १९२४ मध्ये.

१४/
आंबेडकरांची शाहू महाराजांशी ओळख होती. १९२० च्या माणगाव परिषदेस दोघेही उपस्थित होते. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड तिचे अध्यक्ष. सभेच्या हातात पैसा थोडा होता. तेवढ्यात शाळा काढली असती, तर शिक्षक, इमारत, मान्यता यांत सारे संपले असते आणि सरकारी हायस्कूलच्या तोडीची शाळा झालीही नसती. शाळा तर गावात उभीच होती. उणीव होती छपराची, ताटाची आणि दिव्याची. तेवढेच द्यायचे सभेने ठरवले.

१५/
सोलापूरच का, याचे मला पटणारे उत्तर असे : मुंबईत निदान गिरणगावच्या चाळीत नातलगाचा आसरा मिळे. सोलापूर मात्र मोठ्या कोरडवाहू जिल्ह्याचे ठाणे. हायस्कूल तेथे आणि मुले चहूकडच्या खेड्यांत. शिवाय शहरात मदत करणारी माणसे होती. वसतिगृहाची व्यवस्था जीवाप्पा ऐदाळे पाहत. सोलापूर नगरपालिकेने अनुदान दिले. १९२५ मधल्या एका नगरपालिकेने अस्पृश्य मुलांच्या निवासासाठी पैसे द्यावेत, ही तेव्हा रोजची गोष्ट नव्हती. या कामी ज्यांचा हात होता, त्या डॉ. मुळ्यांचे नाव शेवटी पुन्हा येईल.

१६/
मुलांना दोन वेळचे जेवण, निवास आणि अभ्यासाची जागा मिळाली. एवढेच नव्हे, तर सभेच्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ज्यांनी शाळेत कोठे बसावे हे दुसरे ठरवत, त्या मुलांनी संपादक व्हायचे ठरवले.

१७/
आता तिसरा प्रश्न. प्राथमिक सोडून माध्यमिक का? याचे उत्तर आकड्यांत आहे आणि ते आंबेडकरांनी स्वतः मांडले. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या बरोबर आठ दिवस आधी, मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी इलाख्यातील चार वर्गांची तुलना केली.

१८/
प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी : पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मराठा आदी मधले वर्ग ३८, मागासवर्ग १८. या शेवटच्या गटात अस्पृश्यांबरोबर डोंगरी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातीही धरलेल्या होत्या.
माध्यमिक शाळेत दर लाखामागे : ३०००, ५००, १४०, १४.
कॉलेजात दर दोन लाखांमागे : १०००, ५२, १४, आणि शेवटच्या गटात शून्य किंवा जवळपास शून्य.

१९/
या ओळी सावकाश वाचा. प्राथमिक शाळेत पहिल्या आणि शेवटच्या गटातले अंतर साडेसहा पट आहे. माध्यमिक शाळेत तेच अंतर दोनशे चौदा पट होते. म्हणजे मूल शाळेत येत होते. ते गळत होते मराठी शाळा आणि हायस्कूल यांच्यामधल्या त्या एका पट्टीत. सोलापूरचे वसतिगृह नेमके त्या पट्टीत उभे होते. भाषण १९२७ चे, वसतिगृह १९२५ चे. आकडे कौन्सिलात मांडण्याच्या दोन वर्षे आधीच कृती सुरू झाली होती.

२०/
आपण आंबेडकरांच्या सार्वजनिक कार्याची सुरुवात बहुधा महाडपासून मोजतो. तळे, सत्याग्रह, मनुस्मृतिदहन हे डोळ्यांत भरते. वसतिगृहाच्या हिशेबवहीचे चित्र कोणी काढत नाही. पण महाड, नाशिकच्या लढ्यांना पुढे जे लिहिणारे, बोलणारे, पत्रव्यवहार सांभाळणारे कार्यकर्ते लागले, ते इंग्रजी इयत्ता ओलांडलेल्या मुलांतूनच यायचे होते.

२१/
यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढील निवेदनात सभेने शिक्षणाचा प्रश्न मांडला; धारवाडच्या त्या १८५६ च्या मुलाचे प्रकरणही त्यात आहे. त्याच वर्षी वसतिगृहांसाठी दलितवर्ग शिक्षण संस्था निघाली आणि सरकारी साहाय्याने काम इतर गावी गेले. धारवाडचाही त्यात समावेश होता. ज्या गावाने ७० वर्षांपूर्वी एका मुलाला शाळेबाहेर ठेवले, तेथे आता मुले राहून शिकू लागली. स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते; तिच्या १९३० च्या अहवालातही वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर आहे.

२२/
मराठी चौथीनंतरची ती दुहेरी वाट स्वातंत्र्यानंतर हळूहळू मिटली. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, अकरावीची, सत्तरच्या दशकाच्या मध्यात ती दहावीची झाली. मुक्कामाचा प्रश्न मात्र इयत्तांबरोबर मिटला नाही. आजही सोलापुरात जून महिन्यात वसतिगृहाच्या यादीत नाव आले का, हे पाहायला बाप-लेक उभे असतात. शाळा त्यांनी आधीच निवडलेली असते.

२३/
जानेवारी १९४६ मध्ये आंबेडकर सोलापूरला आले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत पाच महिन्यांनी उघडणार होते. सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. उत्तर देताना त्यांनी वीस वर्षांपूर्वीची आठवण काढली : आपल्या समाजकार्याची सुरुवात याच गावात झाली आणि तेव्हा दिवंगत डॉ. मुळ्यांनी आपल्याला साथ दिली.