हौशी कॅमेरा आणि पाणथळीची माणसे

घरात टांगलेल्या कॅलेंडरावर तुम्ही हे चित्र पाहिलेच असेल. कमरेवर घागर घेतलेली खेडवळ तरुणी, मागे ओढा, पलीकडे डोंगर. लुगडे नवेकोरे, पायाला चिखलाचा शिंतोडा नाही आणि घागर बहुधा रिकामी. रोज दोन खेपा पाणी आणणारी बाई अशी उभी राहत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. पण असली चित्रे ही काही आजकालची टूम नव्हे बरे का. छायाचित्रणाची कला पुरती पंचवीस वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हापासून हा वाद चालू आहे; आणि तो इंग्लंडात मोठ्या हिरीरीने लढला गेला.

त्या वेळी हेन्री पीच रॉबिन्सन हे तिथले मोठे नावाजलेले छायाचित्रकार. १८५८ साली त्यांनी मरणाच्या दारी असलेल्या एका मुलीचे चित्र केले. ते पाच निरनिराळ्या काचा जोडून तयार केलेले होते. खेड्यातला देखावा हवा असला की ते चांगल्या घरच्या मुलींना शेतकरणींचे कपडे घालून उभे करीत. खऱ्या शेतकरणी चित्रात अवघडतात, असे त्यांचे म्हणणे. लोकांना ती चित्रे फार आवडत.

यात नुसता रुचीचा दोष नव्हता, साधनांचीही अडचण होती. १८५१ पासून जी पद्धत चालू होती, तिच्यात काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची. म्हणजे शेताच्या बांधावर जायचे तर अंधारा तंबू, बाटल्या, पाण्याची भांडी असा सगळा संसार बरोबर. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती काढली. पुढच्या दहा वर्षांत त्या काचा तयार स्थितीत दुकानांतून मिळू लागल्या, आणि कॅमेरा खांद्यावर टाकून चालू लागणे हौशी माणसाला शक्य झाले. (हौस आपल्याकडेही मागे नव्हती. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, तर मुंबईची १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या मंडळीत होते.)

अशा हौशी लोकांतले एक होते पीटर हेन्री एमर्सन. जन्म १८५६, क्यूबा बेटातला. वडील अमेरिकन, आई इंग्रज. शिक्षण डॉक्टरकीचे, पण १८८६ च्या सुमारास तो धंदा त्यांनी सोडून दिला. त्याच्या चार-पाच वर्षे आधी त्यांनी पहिला कॅमेरा घेतला होता. कशासाठी म्हणाल, तर पक्षी पाहायला जाताना हाताशी असावा म्हणून! पक्ष्यांच्या नादाने ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॉरफोक भागात गेले आणि तिथल्या माणसांतच गुंतले.

हा मुलूख आपल्या खाजणांची आठवण करून देईल असा. उथळ तळी, संथ नद्या, दलदल आणि उंच बोरू. घरे शाकारण्यासाठी बोरू कापायचा, होड्यांतून आणायचा, गंजी रचायच्या. कोणी मासे धरी, कोणी बदकांची शिकार करी. टॉमस गुडॉल या चित्रकाराला बरोबर घेऊन एमर्सन यांनी १८८६ साली या जीवनावर चाळीस छायाचित्रांचे पुस्तक सिद्ध केले. ती चित्रे प्लॅटिनमच्या कागदावर छापलेली आहेत. त्यांत दाट काळे असे फारसे नाही; धुक्यातल्या सकाळीसारखे करडेच किती प्रकारचे! बोरू कापणारे गुडघ्याइतके बूट घालून कामावरून परत येताहेत, आणि त्यांच्या खांद्यांचा वाक पाहिला की दिवस कसा गेला हे कळते. अर्थात तीही माणसे ‘थांबा’ म्हणून उभी केलेली आहेत, हे खरेच. पण कपडे त्यांचे, अवजारे त्यांची, काम त्यांचे. पुढच्या एका पुस्तकात तर एमर्सन यांनी शेतमजुरांच्या हलाखीविषयी आणि जमीनदारांविषयी रोखठोक लिहिले.

१८८९ साली त्यांनी आपले मत ग्रंथरूपाने मांडले. कॅमेऱ्याने डोळ्यासारखे पाहावे. डोळा एका जागी तीक्ष्ण पाहतो, भोवतालचे अंधुक. शिक्षकबंधूंनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. हातभर अंतरावर पेन्सिल धरून मुलांना तिच्या टोकाकडे पाहायला सांगा. मागचा फळा आपोआप धूसर होतो. रॉबिन्सन यांचा पक्ष अर्थातच चिडला. एमर्सनही काही गोड बोलणारे नव्हते. पण त्यांच्या नजरेत पारख होती. १८८७ साली हौशी लोकांच्या एका स्पर्धेत त्यांनी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या अनोळखी तरुणाला पहिले बक्षीस दिले. तोच पुढे अमेरिकेतल्या छायाचित्रणाचा धुरीण झाला.

आता मौज पहा. १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी प्रयोग करून दाखवले की काचेवर पडणारा प्रकाश आणि उमटणारा काळेपणा ठराविक नियमाने बांधलेले असतात. आपल्या मनाप्रमाणे छटा बदलता येतात असे एमर्सन समजत होते; तो आधारच गेला. छायाचित्रण ही श्रेष्ठ कला नव्हे, असे त्यांनी काळ्या चौकटीचे पत्रक काढून जाहीर केले. स्वतःच उभारलेला झेंडा स्वतःच्या हाताने उतरवणारी माणसे थोडी! माझ्या मते त्यांचा हा निष्कर्ष चुकीचा होता, पण हिंमत खरी. कॅमेरा मात्र सुटला नाही. शिडाच्या होडीत राहून ते त्याच पाण्यावर हिंडत राहिले, आणि १८९५ साली त्यांचे शेवटचे चित्रपुस्तक निघाले.

एक गोष्ट त्यांना कळली नाही. ज्या तळ्यांना ते निसर्गाची मानत होते, ती मुळी माणसानेच खणलेली आहेत! मध्ययुगात जळणासाठी लोकांनी तिथली कुजकी, सुकवून जाळता येणारी माती काढली, पुढे पाणी चढले आणि खड्ड्यांची तळी झाली. डॉ. जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी जमिनीत ठिकठिकाणी भोके पाडून १९५० नंतरच्या दशकात हे सिद्ध केले.

पक्ष्यांचे काम पुढे नेले ते यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी. खेड्यातली पोरे, पुढे लंडनात एका प्रकाशकाकडे नोकरीला लागलेली. त्या काळी पक्षीप्रेम म्हणजे अंडी गोळा करणे आणि बंदूक चालवणे. १८९२ च्या एप्रिलात चेरीने आपल्या कस्तुराच्या जातभाईचे घरटे अंड्यांसकट टिपले, आणि १८९५ साली अशाच छायाचित्रांचे पुस्तक दोघांनी काढले. रिचर्डचा पाय लहानपणापासून अधू. तरी भावाला खांद्यावर उभे करी, दोराने कड्यावरून खाली सोडी. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहू लागले! आपल्या पोळ्याला तो नक्की शोभला असता.

१८९६ साली हे भाऊ स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रातल्या सेंट किल्डा बेटावर गेले. तिथले लोक कड्यांवरून दोराने उतरून समुद्रपक्षी धरीत. मांस खात, तेल वापरीत, पिसे देऊन सारा भरीत. कीर्टन बंधूंनी पक्ष्यांबरोबर ती माणसेही टिपली आणि पुढच्या वर्षी पुस्तकात छापली. मग बेटाची वस्ती घटत गेली. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे स्वतःच्या विनंतीवरून जहाजात बसून निघून गेली. कड्यांवर पक्षी अजून आहेत. दोर धरून उतरणारे ते पुरुष आणि दगडी घरांपुढच्या त्या बाया कीर्टनांच्या काचांवर.