स्वतःच्याच अंगणातली गाडी, शेजाऱ्याची निनावी तक्रार: अमेरिकेत नियम काय सांगतात?

घर स्वतःचं, जागा स्वतःची, गाडीही स्वतःचीच. तरीही एक दिवस महापालिकेची नोटीस येते: तुमच्या आवारात बंद पडलेली गाडी आहे, ती ठरलेल्या मुदतीत हटवा. तक्रार कोणी केली, असं विचारलं तर नाव सांगितलं जात नाही. कधी कधी ते कार्यालयालाही माहीत नसतं.

अमेरिकेतल्या उपनगरांमध्ये हा वाद नेहमीचा आहे. तिथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. मग अशा निनावी तक्रारीवर कारवाई होऊ शकते का? आणि घरमालकाच्या हातात काय उरतं?

आपल्याच जागेतल्या गाडीवर आक्षेप कसा?

अमेरिकेत घरांच्या देखभालीचे नियम प्रामुख्याने शहरं आणि काउंटी ठरवतात. अनेक ठिकाणी ‘इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेंटेनन्स कोड’ ही नमुना नियमावली थोडेफार बदल करून स्वीकारलेली आहे. तिच्या कलम ३०२.८ नुसार चालू स्थितीत नसलेली किंवा वैध नोंदणी नसलेली गाडी आवारात ठेवता येत नाही. सुटे भाग काढून ठेवलेली गाडीही चालत नाही. मोठी दुरुस्ती करायची असेल तर ती त्यासाठी मान्यता असलेल्या बंदिस्त जागेतच करावी लागते.

यामागची कारणं साधी आहेत. बंद गाडीत उंदीर घर करतात, तेल जमिनीत झिरपतं, खेळणाऱ्या मुलांना इजा होऊ शकते. शिवाय गल्लीचं रूप बिघडलं की घरांच्या किमती पडतात, ही भीतीही असते.

पण या नियमात केवळ भंगार गाड्याच सापडतात असं नाही. समजा, एखादं कुटुंब दोन महिन्यांसाठी पुण्याला आलं आणि तेवढ्यात गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. गाडी उत्तम चालते, पण असा नियम असलेल्या शहरात कागदोपत्री उल्लंघन झालेलं असतं.

निनावी तक्रारीवर कारवाई का होते?

प्रत्येक गल्लीत रोज फिरण्याइतके निरीक्षक शहरांकडे नसतात. त्यामुळे बरीचशी व्यवस्था तक्रारींवर चालते. कायद्याच्या दृष्टीने तक्रार ही फक्त खबर असते, पुरावा नसते. निरीक्षकाने येऊन स्वतः पाहावं लागतं आणि नोटीस त्याच्या पाहणीवर दिली जाते.

म्हणूनच ‘शेजाऱ्याने आकसाने तक्रार केली’ हा बचाव सहसा टिकत नाही. तक्रारदाराचा हेतू काहीही असो, उल्लंघन झालंय की नाही एवढंच पाहिलं जातं. खरी अडचण वेगळी आहे. तशीच गाडी गल्लीतल्या चार घरांसमोर उभी असली, तरी ज्याच्याविरुद्ध फोन गेला त्याच्याच दारात निरीक्षक येतो.

फ्लोरिडाने काय बदललं?

फ्लोरिडाने १ जुलै २०२१ पासून हा मार्ग जवळपास बंद केला. तिथे तक्रारदाराने नाव आणि पत्ता दिल्याशिवाय निरीक्षकाला निव्वळ तक्रारीवरून चौकशी सुरू करता येत नाही. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा कल्याणाला तातडीचा धोका असेल, किंवा नैसर्गिक अधिवास अथवा संवेदनशील संसाधनं नष्ट होण्याची वेळ आली असेल, तरच अपवाद आहे.

याची दुसरी बाजूही आहे. फ्लोरिडाचा सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा व्यापक आहे. एकदा सरकारदरबारी नोंदवलेलं नाव दुसऱ्या कोणी मागितलं तर उघड होऊ शकतं. त्यामुळे खोडसाळ तक्रारदाराला चाप बसला, तसा शेजाऱ्याच्या दहशतीखाली राहणारा माणूसही बोलण्याआधी दोनदा विचार करू लागतो.

कॅलिफोर्नियात काय स्थिती आहे?

कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने १९९९ मध्ये नेमका दुसऱ्या बाजूने विचार केला. सॅन होजे विमानतळाच्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांची नावं एका वृत्तपत्राने मागितली होती. नावं उघड झाली तर लोक तक्रारच करणार नाहीत, हा मुद्दा मान्य करत अपील न्यायालयाने शहराला ती गुप्त ठेवू दिली.

मात्र बंद गाड्यांबाबत तिथे घरमालकालाही संरक्षण आहे. राज्याच्या वाहन कायद्यातील कलम २२६६१ नुसार खासगी जागेतली गाडी हटवण्याआधी शहराने साधारणपणे किमान १० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि सुनावणी मागण्याची संधीही. कायदेशीर बांधकामाच्या आत पूर्णपणे बंदिस्त असलेली, रस्त्यावरून न दिसणारी गाडी या कारवाईतून वगळलेली आहे.

निरीक्षक थेट आवारात शिरू शकतो का?

रस्त्यावरून जे दिसतं ते पाहायला आणि त्याचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. पण १९६७ च्या कॅमारा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, मालकाने नकार दिला तर घराच्या तपासणीसाठी साधारणपणे वॉरंट लागतं.

२०१८ च्या कॉलिन्स विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात तर प्रश्न वाहनाचाच होता. एका पोलीस अधिकाऱ्याने घराच्या ड्राइव्हवेवर जाऊन मोटरसायकलवरची ताडपत्री वॉरंटशिवाय उचलली. मोटरसायकल चोरीची निघाली, तरीही न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की, वाहन घराला लागून असलेल्या आवारात उभं असताना केवळ ते वाहन आहे म्हणून वॉरंटशिवाय आत शिरता येत नाही.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

दंड दिवसागणिक वाढतो. फ्लोरिडात पहिल्या उल्लंघनासाठी साधारणपणे दिवसाला २५० डॉलरपर्यंत दंड लावता येतो आणि त्याचा बोजा मालमत्तेवर चढवता येतो. लँटाना शहरातल्या एका महिलेच्या घरच्या गाड्या ड्राइव्हवेवर मावत नव्हत्या, त्यामुळे चाकं गवतावर जायची. या एका कारणासाठी ४०७ दिवसांचा दंड झाला १,०१,७५० डॉलर. कुंपण आणि ड्राइव्हवेच्या भेगा धरून आकडा १,६५,००० डॉलरच्या वर गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचलं. तक्रार कोणाची, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी दंड किती वेगाने साचतो, ते यातून कळतं.

नोटीस आली तर काय करावं?

• नोटीस शहराची आहे की गृहसंकुलाच्या असोसिएशनची, हे आधी पाहा. असोसिएशनचे नियम घर घेताना मान्य केलेल्या करारातून येतात, शहराचे कायद्यातून. दोन्हींकडे दाद मागण्याची पद्धत वेगळी असते.

• नोटिशीतलं कलम क्रमांकासह वाचा. बऱ्याचदा नोंदणीचं नूतनीकरण केलं किंवा गाडी गॅरेजमध्ये हलवली की विषय मिटतो.

• मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, गरज असल्यास सुनावणी मागा.

• दुरुस्ती झाल्यावर तारखेसह फोटो काढा आणि पुन्हा पाहणी करून प्रकरण बंद केल्याचं लेखी घ्या. फक्त फोनवर कळवून थांबू नका. शहराच्या नोंदीत उल्लंघन कायम राहिलं, तर दंड चालूच राहू शकतो.

• तक्रारदार शोधण्यात दिवस घालवू नका. त्याचं नाव कळलं तरी मुदत थांबत नाही.

नाव गुप्त ठेवलं की घाबरलेला शेजारी आणि खुन्नस काढणारा शेजारी, दोघांनाही एकच आडोसा मिळतो. नाव सक्तीचं केलं की दोघंही उघड्यावर येतात. यातून पूर्ण सुटका करणारा नियम कोणत्याच राज्याला सापडलेला नाही. पण गाडीमुळे खरोखर त्रास होत असेल, तर अर्ज करण्याआधी एकदा दार वाजवून सांगणं अजून कुठल्याच शहरात बेकायदेशीर नाही.