३. वाकळ

वाकळ : गोधडी. माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला या माणदेशी टापूत हाच शब्द रूढ. वर-खाली जुनेर नऊवारी लुगडे, मधे धोतराची पाने, चोळ्या-झंपरांचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या. नवे कापड बायका सहसा नाकारत; ते राठ, सुई अडते. थर अंगणात पसरून, हाताने सुरकुत्या मोडून आधी कच्चे टाके घालीत. मग कडेपासून धावदोरा सुरू होई आणि चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत जाई, त्यामुळे आतल्या चिंध्या गोळा होत नसत. काम उन्हाळ्यातले, सुगी उरकल्यावरचे. धनगरी घोंगडी वेगळी. ती लोकरीची, मागावर विणलेली.

मूळ मजकुरातल्या सासूबाईंचा संताप कळण्यासाठी एवढे हवे : लुगडे मधे विरले की तेवढा भाग काढून दोन्ही टोके जोडीत, यास ‘दंड घालणे’ म्हणत. दंडाचे लुगडेही पार विरले, की मगच ते वाकळेत जाई. सुनेने मधली पायरीच गाळली आहे.