गौरव, मान आणि अक्षयता

संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील एका वचनापाशी (२:७) आपण थबकतो. धीराने सत्कर्म करीत राहून जे गौरव, मान आणि अक्षयता यांचा शोध घेतात, त्यांना देव सार्वकालिक जीवन देईल, असा त्याचा आशय आहे. मानाचा हव्यास धरू नये, असे तर आपण लहानपणापासून शिकलो. योहानाच्या शुभवर्तमानात (५:४४) प्रभू येशू एकमेकांकडून गौरव घेणाऱ्यांना दोष देतो. मग पौल गौरव शोधणाऱ्यांना वचन कसे देतो? त्यासाठी मूळ ग्रीक शब्दांकडे वळले पाहिजे.

गौरवासाठी पौलाचा शब्द आहे 'डॉक्सा'. 'वाटणे, भासणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. प्लेटोच्या लेखनात डॉक्सा म्हणजे मत, ज्ञानाहून कमी प्रतीचे. लोकांचे आपल्याविषयीचे मत, म्हणजे कीर्ती, हाही त्याचा अर्थ. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा हिब्रू 'काबोद'साठी हाच शब्द योजला गेला. काबोदच्या मुळाशी 'जड असणे' हा अर्थ आहे. आपणही 'त्याच्या शब्दाला वजन आहे' असे म्हणतोच. सिनाय पर्वतावर उतरलेले परमेश्वराचे तेज ते हे काबोद. लोकमतावर तरंगणाऱ्या शब्दाला असा नवा भार लाभला.

मानासाठीचा शब्द 'तिमे'. त्याचा अर्थ मान तसाच मोलही. यहूदाच्या नाण्यांना मत्तय (२७:६) रक्ताचे मोल म्हणतो, तेथे हाच शब्द आहे. तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, असे पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ६:२०), तेथेही हाच. तिसरा शब्द 'आफ्थार्सिया', म्हणजे नाश न पावणे. पुनरुत्थित देहाविषयी पौल तोच वापरतो (१ करिंथ १५:४२).

हे पत्र पौलाने इ. स. ५७च्या सुमारास करिंथ येथून लिहिले, असे सामान्यतः मानले जाते. तेथील नाट्यगृहाजवळ १९२९ साली एक फरसबंदीचा शिलालेख सापडला. नगराधिकारीपद लाभल्याबद्दल एरास्त नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने ही फरसबंदी केली, असे त्यावर कोरले आहे. पत्राच्या शेवटी (१६:२३) एरास्त नावाचाच नगराचा खजिनदार येतो; दोघे एकच की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिलालेखाच्या अक्षरांत एके काळी कांस्य भरलेले होते. आज खाचा उरल्या आहेत. अशा नगरात बसून पौलाने 'अक्षयता' हा शब्द लिहिला.

योहानातील वचनातही डॉक्सा आणि 'शोधणे' हे क्रियापद हीच जोडी आहे. एकाच देवाकडून येणारा गौरव तुम्ही शोधत नाही, अशी प्रभूची तक्रार आहे. मानाची भूक देवानेच आपल्यात ठेवली. ती कोणाच्या दारी भागवायची, हा प्रश्न आहे. पौलाच्या 'धीर' या शब्दाचा, 'हिपोमोने'चा, मूळ अर्थ 'भाराखाली टिकून राहणे' असा आहे.

आपल्या धर्मग्रामांतही बाकांवर देणगीदारांची नावे असतात, सणाच्या पत्रिकेतील नावांच्या क्रमावरून मने दुखावतात. देणगी द्यावी, कृतज्ञताही व्यक्त व्हावी. परंतु अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सुनेचे नाव कोणत्याच बाकावर नसते. पौलाचे वचन तिच्यासाठी आहे. तिला मान देण्याची सुरुवात आपण तिची विचारपूस करण्यापासून तरी करावी.